शीर्षकपृष्ठावरील नाव आणि मुसावाद

हार्वर्ड ओरिएंटल सीरीजचा ४१ वा खंड ज्यांनी हाताळला आहे, त्यांना त्याचे शीर्षकपृष्ठ आठवत असेल. ग्रंथ आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’, रोमन लिपीत. संपादक हेन्री क्लार्क वॉरन. त्याखाली धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे, ते ‘सुधारणा करणारे’ म्हणून. प्रकाशनवर्ष १९५०. वॉरन १८९९ मध्येच निवर्तले होते. कोसंबींनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. ज्या दोघांची नावे त्या पृष्ठावर आहेत, त्यांपैकी एकानेही ते छापलेले पाहिले नाही. यंदाच्या हिवाळ्यात विहारातील पाली वर्गात सीलनिद्देस वाचत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सुधारणा केली म्हणजे नेमके काय केले?” प्रश्न साधा होता, उत्तर देताना आम्ही अडखळलो.

गोव्यातील सांखवाळचे कोसंबी सिंहलद्वीपात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले, आणि १९१० मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून हार्वर्डला गेले. वॉरन यांनी हाती घेतलेले आणि त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले विसुद्धिमग्गाचे संपादन तडीस न्यावयाचे होते. मालेची सूत्रे प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याकडे होती. संपादनाचे श्रेय शीर्षकपृष्ठावर कोणास कसे द्यावे यावरून लॅनमन व कोसंबी यांच्यात तीव्र मतभेद झाले, आणि १९१२ मध्ये कोसंबी परत आले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, १९१८ नंतर ते पुन्हा अमेरिकेस गेले, त्यानंतरही गेले, आणि १९३२ च्या सुमारास काम संपविले. दरम्यान लॅनमन निवृत्त झाले होते. इकडे मुंबईस भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये कोसंबींचा देवनागरी विसुद्धिमग्ग प्रसिद्ध केला आणि १९४३ मध्ये त्यावरील त्यांची पाली ‘दीपिका’ सारनाथहून निघाली. अमेरिकेतील प्रत या दोन्हींच्या मागून आली.

येथे वॉरन यांच्यावर अन्याय होऊ नये. लहानपणी पाठीच्या कण्यास झालेल्या दुखापतीने ते जन्मभर व्याधिग्रस्त होते. त्या स्थितीत त्यांनी ब्रह्मी व सिंहली हस्तलिखिते मिळविली, पाठ जुळविले, आणि १८९६ मध्ये पाली वचनांच्या भाषांतराचा आजही वाचला जाणारा ग्रंथ दिला. हार्वर्डची ही माला चालली तीही मोठ्या अंशी त्यांच्या द्रव्यावर. दिवंगत मित्राचे नाव अग्रभागी असावे ही लॅनमन यांची इच्छा मानवी आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ‘सुधारणा’ हा शब्द दोन दशकांत अनेक वेळा समुद्र ओलांडून पुरे केलेल्या श्रमाचे मोजमाप नव्हे. तो शब्द वाचकास सांगतो की, पाठ आधीच सिद्ध होता, दुसऱ्याने त्यावरून हात फिरविला.

आमच्या पंडितमंडळींत अशा प्रसंगी ‘अदिन्नादान’ हा शब्द लगेच उच्चारला जातो. दुसऱ्याचे श्रेय घेणे म्हणजे न दिलेले घेणे, म्हणजे चोरी. हा विचार अपुरा आहे, असे आमचे मत आहे. अट्ठकथांनी अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू परक्याच्या ताब्यातील असणे, ती परक्याची आहे याची जाणीव, चोरीचे चित्त, प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने झालेले हरण. आता आपल्या विद्यापीठांतला नित्याचा प्रकार घ्या. विद्यार्थी निबंध लिहितो आणि मार्गदर्शकाचे नाव स्वतःच पुढे घालतो. त्याला कोणी सांगितलेले नसते. दिलेले घेतले, अदिन्नादान कसे म्हणावे? मार्गदर्शक निर्दोष सुटतो. आम्ही अशी सुटका करून घेतलेली आहे. आमचा पहिला निबंध छापून आला तेव्हा त्यावर पहिले नाव ज्यांनी तो वाचलाही नव्हता त्यांचे होते, आणि आम्हांला राग आला होता. पुढे पंधरा वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या निबंधावर आमचे नाव आले. आम्ही त्यातली दोन अवतरणे तपासली होती. राग आला नाही.

म्हणून प्रश्न दुसऱ्या शिक्षापदाचा आहे. मुसावादाची अंगे चार: वस्तुस्थिती तशी नसणे, फसविण्याचे चित्त, तदनुरूप प्रयत्न, आणि ऐकणाऱ्यास तो अर्थ कळणे. यांत मालकाच्या संमतीचा कोठेही संबंध नाही. लेखकपद ही एकाने दुसऱ्यास द्यावयाची वस्तूच नव्हे. ती वाचकासमोर दिलेली साक्ष आहे. ‘हे अमुकाने केले’ असे पृष्ठ म्हणते. विद्यार्थ्याने आनंदाने होकार दिला म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने केलेल्या कसोट्यांत, कामात भरीव वाटा आणि त्या कामाची जबाबदारी या दोन्हींची अट आहे, ती याच अंगाने. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत मात्र गणित होते: लेखक दोन असतील तर प्रत्येकास ७० टक्के गुण. दोघांचे मिळून १४०. नाव वाढविण्यास याहून मोठे आमंत्रण कोणते द्यावे!

त्या वर्गाची सहल राजपुरी खाडीच्या काठी, मांदाडजवळील कुडा लेण्यांत गेली होती. सहाव्या लेण्यातील शिलालेख आम्ही मुलांकडून वाचून घेतो. महाभोज मांदव खंदपालित याचा सेवक, शिवभूती लेखकाचा धाकटा भाऊ शिवम याचे हे लेणे. शिवमच्या आईवडिलांची नावे आहेत. महाभोजाची ओळख तर त्याची आई विजया हिच्यावरून दिली आहे. पुढे मजकूर थांबत नाही. शिवमची पत्नी विजया आणि चार मुलगे यांच्या वाट्याला शिलेवरील रूपकर्म. चार मुलींच्या वाट्याला खांब. कोणाचे काय, हे नावानिशी. एका कुटुंबाने ही वाटणी दगडात लिहिली. आमच्या परिसंवादांचे संग्रह ती कागदावर करीत नाहीत.

येथे विद्यार्थिनीने आम्हांला पुन्हा पकडले. “पण ज्यांनी छिन्नी चालविली त्यांचे नाव कोठे आहे?” नाही. पाथरवटांची नावे त्या लेखात नाहीत, आणि नंतर, काही शतकांनी, तेथे बुद्धमूर्ती कोरणारांचीही नाहीत. तिचा आक्षेप रास्त आहे. एवढे मात्र पाहावे की कुड्याच्या इतर लेखांत ‘देयधम’ हा शब्द पुनःपुन्हा येतो: दान. त्या काळचा वाचक शिवमला दाता समजे. डोंगर त्याने कोरला असे समजत नसे. शीर्षकपृष्ठावर वॉरन यांना दाते आणि आरंभकर्ते म्हटले असते, तर आमची काही तक्रार नव्हती.

याच विद्यार्थिनीने कुड्याच्या लेखांचे ठसे घेतले आणि वाचन केले. त्याची छोटी पुस्तिका संस्थेकडून निघत आहे. तिने हस्तलिखित आणून दिले तेव्हा वर आमचे नाव होते. “सर, तुमचे नाव असले तर लोक वाचतील,” असे ती म्हणाली. हे खरे आहे, आणि म्हणूनच अवघड आहे; तिला नोकरीसाठी अर्ज करावयाचा आहे. आम्ही पृष्ठ पुन्हा लिहिले. ठसे व वाचन तिचे. पाठतपासणी आमची, तीही केवळ पहिल्या व सहाव्या लेण्यातील लेखांची. शिडी धरणाऱ्या गावच्या दोन मुलांची नावे तिने स्वतः तिसऱ्या ओळीत घातली आहेत.