डेबियनचें नामकरण

ग्रंथाचें परीक्षण करणें हें टीकाकाराचें नित्याचें काम. नियमावलीचें परीक्षण करण्याची पाळी त्याजवर क्वचितच येते. परंतु ‘डेबियन’ या संगणक-प्रणालीची धोरणसंहिता चाळतांना, तिच्यांतील नांवांविषयींचीं कलमें स्वतंत्र विवेचनास पात्र आहेत असें आम्हांस वाटूं लागलें. इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं या उपक्रमाचा आरंभ केला, तेव्हां आपली प्रेयसी डेब्रा हिच्या आणि स्वतःच्या नांवांची सांगड घालून त्यांनीं हा शब्द घडविला. आज या भांडारांत साठ हजारांहून अधिक पॅकेजें आहेत. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्राम, तो यंत्रावर बसविण्यास लागणाऱ्या सामग्रीसह बांधलेलें गांठोडें. वापरणारा तें उघडून पाहत नाहीं; तो केवळ नांव लिहितो, आणि त्या नांवावर विश्वास टाकून परक्याचें काम आपल्या यंत्रांत घेतो. तेव्हां येथें नांव हें एक वचन आहे, आणि तें कितपत पाळलें जातें एवढाच आमच्या परीक्षणाचा प्रश्न आहे.

संहितेचा मूळ नियम अगदींच रुक्ष आहे. रोमन लिपीचीं लहान अक्षरें, अंक, आणि अधिक, उणें व टिंब हीं तीन चिन्हें, एवढ्यांतच नांव बसवावयाचें. तें निदान दोन वर्णांचें असावें व त्याचा आरंभ अक्षरानें किंवा अंकानें व्हावा. या बंधनांत काव्याला वाव नाहीं, आणि नसावाही. (आमची भाषा या भांडारांत बहुधा ‘एमआर’ या दोन अक्षरांची शेपटी होऊन वावरते, ‘टास्क-मराठी’ या पॅकेजास मात्र पुरें नांव लाभलें आहे, याचा मराठी वाचकास थोडा आनंद व्हावयास हरकत नाहीं.)

खरा विचार दिसतो तो लायब्रऱ्यांच्या नांवांत. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांनीं मिळून वापरावयाचें सामायिक साधन. तिची रचना अशी बदलली कीं जुन्या प्रोग्रामांचें तिच्याशीं जुळेनासें झालें, तर तिच्या पॅकेजाचें नांवही बदललेंच पाहिजे, असा येथला दंडक आहे. म्हणून नांवाच्या अखेरीस आंकडा लागतो, आणि जुनी व नवी अशा दोघी एकाच यंत्रावर शेजारीं नांदूं शकतात. ‘झेडलिब१जी’ हें नांव पाहा. त्यांतील ‘जी’चा अर्थ आज किती जणांस ठाऊक असेल? १९९८ सालच्या ‘हॅम’ आवृत्तीच्या वेळीं डेबियननें सी भाषेची जुनी लायब्ररी टाकून ग्नूची नवी लायब्ररी पायाला घेतली. त्या पायावर बांधलेलीं पॅकेजें ओळखूं यावीं म्हणून हें अक्षर चिकटविण्यांत आलें. जुना पाया केव्हांच नाहींसा झाला; ‘जी’ राहिला. अलीकडे, २०२४ सालीं, तसाच प्रसंग पुन्हां आला. ३२ बिटांत मोजलेला काळ १९ जानेवारी २०३८ रोजीं संपतो. ३२-बिट यंत्रांवरही काळ ६४ बिटांत मोजतां यावा म्हणून शेंकडों लायब्रऱ्यांची रचना बदलावी लागली, आणि त्यांच्या नांवांस ‘टी६४’ ही जोड आली. ‘लिबएसएसएल३टी६४’ हा उच्चार कोणाच्याही कानास गोड लागणार नाहीं. ज्या ६४-बिट यंत्रांवर मुळांत कांहींच बदललें नव्हतें तेथेंही नांव मात्र बदललें, ही तक्रारही रास्तच आहे. तरी आमचा कौल या कुरूप नांवांच्याच बाजूनें पडतो. नांव तेंच ठेवलें असतें तर जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीशीं निमूटपणें जोडला गेला असता, आणि पुढें त्यानें काळाचे आंकडे चुकीचे तरी वाचले असते, किंवा तो मध्येंच कोसळला तरी असता.

प्रोग्रामांच्या आज्ञानामांकडे वळलों कीं मात्र हा विवेक सुटलेला दिसतो. दोन निराळ्या प्रोग्रामांनीं एकच आज्ञानाम घेऊं नये, आणि त्यांच्या पालकांत एकमत न झाल्यास दोघांनींही तें सोडावें, असा नियम. तुला न मला, घाल कुत्र्याला, यापेक्षां हा न्याय फारसा निराळा नाहीं! ‘नोड’ या नांवाचा एक जुना प्रोग्राम हौशी रेडिओवाल्यांच्या उपयोगाचा होता. २००९ सालीं निघालेल्या ‘नोड जेएस’नेंही तेंच आज्ञानाम घेतलें. ज्याची वस्ती जुनी त्याला हुसकावूं नये, या तत्त्वांत माणुसकी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु २०१२ सालीं तांत्रिक समितीनें नवागताची आज्ञा ‘नोडजेएस’ अशी ठरविली, आणि परिणाम असा झाला कीं, जगभरच्या ज्या लिखाणाच्या पहिल्याच ओळींत ‘नोड’ अशी हांक होती, तिला डेबियनच्या यंत्रावर ओ मिळेना. मग ती हांक ऐकण्यासाठीं ‘नोडजेएस-लेगसी’, म्हणजे जुन्या वारशाचें, असें आणखी एक पॅकेज निघालें. सारें जग ज्या नांवानें हांक मारीत होतें तेंच येथें जुनाट ठरलें! २०१७ सालीं समितीनें हा निर्णय रद्द केला.

‘गिट’ची हकीकत याहून सुखाची आहे. लिनस टोरवाल्ड्स यांच्या २००५ सालच्या या प्रोग्रामास डेबियनमध्यें ‘गिट-कोअर’ म्हणून राहावें लागलें, कारण ‘गिट’ हें नांव ग्नूच्या एका जुन्या साधनाकडे होतें. जुन्यानें ‘ग्नुइट’ होऊन वाट करून दिली, आणि २०११ सालच्या ‘स्क्वीझ’ आवृत्तींत नव्यास त्याचें खरें नांव मिळालें. ‘गिट-कोअर’ हें तेव्हां एक रिकामें गांठोडें होऊन राहिलें. जुन्या नांवानें येणारास नव्या घरीं पोंचविणें एवढेंच त्याचें काम. या सबंध व्यवहारांत इतकी सुसंस्कृत प्रथा आम्हांस दुसरी आढळली नाहीं.

एका प्रसंगीं डेबियननें प्रसिद्ध नांवावरच पाणी सोडलें. ‘फायरफॉक्स’ हें नांव हवें तर अधिकृत चिन्हही वापरा आणि केलेले बदल मंजूर करून घ्या, असें २००६ सालीं मोझिलाकडून कळविण्यांत आलें. तें चिन्ह डेबियनच्या मुक्ततेच्या कसोटीस उतरत नव्हतें, आणि दुरुस्तीसाठीं परवानगी मागणें डेबियनला मान्य नव्हतें. तेव्हां पॅकेज ‘आइसवीझल’ झालें: अग्नीच्या जागीं बर्फ, कोल्ह्याच्या जागीं मुंगसाच्या चणीचा वीझल. नांव थट्टेचें, पण न्याय तोच लायब्रऱ्यांचा. वस्तु आमच्या हातची, तर नांवही आमचें. वापरणारांस तें बरींच वर्षें अनोळखी वाटलें असेल, परंतु त्यांची फसवणूक झाली नाहीं. २०१६ सालीं समेट होऊन ‘फायरफॉक्स’ परत आलें, तेव्हां ‘आइसवीझल’च्या नांवानेंही एक रिकामें गांठोडें कांहीं काळ भांडारांत ठेवलेलें होतें.