अटलांटिडाचे विटांचे चर्च : वास्तुवारसा आणि श्रमाचे स्थान

प्रस्तावना

विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेचा इतिहास प्रामुख्याने काँक्रीट, पोलाद आणि काच या तीन साहित्यांच्या आधारे लिहिला गेला. वीट ही त्या इतिहासात बहुधा मागे पडलेल्या काळाची खूण मानली गेली. या समजुतीला छेद देणाऱ्या वास्तूंमध्ये उरुग्वे या दक्षिण अमेरिकी देशातील अटलांटिडा येथील चर्चचे स्थान महत्त्वाचे आहे. राजधानी माँटेव्हिडिओपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, रेल्वे स्थानकाभोवती वाढलेल्या एका साध्या वस्तीत एलादियो दिएस्ते (१९१७-२०००) या अभियंत्याने १९५८ ते १९६० या काळात ते उभारले. २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश केला. वारसास्थळ म्हणून ही वास्तू पाहताना नेमके काय पाहिले जाते आणि काय नजरेआड होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भिंतीचा आकार आणि त्यामागील कारण

या चर्चची ख्याती त्याच्या नागमोडी भिंतींमुळे आहे. सुमारे ७ मीटर उंचीच्या या भिंती जमिनीलगत सरळ रेषेत सुरू होतात. वर जाताना त्या आळीपाळीने आत-बाहेर झुकतात आणि माथ्यावर त्यांची लाट पूर्ण होते. सपाट कागद उभा राहत नाही, मात्र त्याला वळ्या पाडल्या की तो उभा राहतो. येथील भिंतीचे बळ हे असे आहे. तिची जाडी अवघी ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि ताकद वजनापेक्षा आकारातून येते. छतही विटांचेच आणि दुहेरी वक्रतेचे आहे. त्याचा बाहेर ढकलणारा जोर पेलणारे पोलादी ताण लाटांच्या खोलगट भागांत दडवलेले असल्यामुळे आतील अवकाशात एकही खांब वा आडवी सळई दिसत नाही.

भारतीय वाचकांना चंडीगढमुळे परिचित असलेल्या ल कॉर्ब्युझिए यांचे फ्रान्समधील रोंशां येथील चॅपेल १९५५ मध्ये पूर्ण झाले. वक्र भिंतींमुळे या दोन वास्तूंची तुलना स्वाभाविक ठरते. परंतु रोंशांची जाड भिंत पांढऱ्या गिलाव्याखाली आपली बांधणी झाकते. अटलांटिडाची भिंत मात्र प्रत्येक थर आणि प्रत्येक सांधा उघडा ठेवते.

ही वक्रता सरळ रेषांतून निर्माण झाली आहे, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पायथ्याची सरळ रेषा आणि माथ्याची लाट यांच्यामध्ये दोऱ्या ताणून त्यांच्या अनुरोधाने गवंड्यांनी विटांचे थर रचले. ओळंब्यावर विसंबणाऱ्या हाताला येथे थरागणिक बदलणारा कल सांभाळावा लागला. अभियंत्याचे गणित दोरीपर्यंत पोहोचते. दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर गवंड्याने पार केले.

काटकसरीच्या स्पष्टीकरणाची मर्यादा

स्थानिक वीट, अल्प साहित्य आणि हाताचे कौशल्य यांमुळे या वास्तूचे वर्णन अनेकदा काटकसरीचा आदर्श असे केले जाते. हे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे. केवळ काटकसर साधायची असती, तर सरळ भिंतींवर कमानदार छत पुरेसे होते. दिएस्ते यांनी गोदामांसाठी विटांची अशी कमानदार छते उभारलीही आहेत. स्वतः दिएस्ते काटकसरीचा अर्थ केवळ पैशाच्या हिशेबाशी जोडत नसत. सृष्टीच्या व्यवस्थेशी सुसंगत असणारी ती खरी काटकसर, अशी त्यांची धारणा होती. येथील लाटेत गरजेपलीकडचे काही आहे आणि ते साध्या लोकांच्या उपासनेसाठी दिलेले आहे. हे ‘अधिकचे’ नाकारून वास्तूला केवळ तंत्राचा नमुना ठरवणे, म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय.

अंतर्भागाची रचना याची साक्ष देते. वेदी आणि उपासकांची जागा एकाच अखंड छताखाली असून त्यांच्यात ठळक विभाजन नाही. धर्मविधींमध्ये उपासकांच्या सहभागाला महत्त्व देणारी दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) त्यानंतर भरली. भिंतींतील लहान रंगीत काचांमधून येणारा प्रकाश मंद आहे आणि त्यात विटांचा खडबडीतपणा अधिक जाणवतो.

नामकरणाचा प्रश्न

हे चर्च ‘श्रमिक ख्रिस्त’ आणि लूर्दची माता यांना अर्पण केलेले आहे. जागतिक वारसा यादीतील त्याची नोंद मात्र ‘अभियंता एलादियो दिएस्ते यांचे कार्य : अटलांटिडाचे चर्च’ अशी आहे. या शीर्षकात कर्त्याचे नाव आले आणि श्रमिक हा शब्द गळाला. दिएस्ते यांच्या प्रतिभेवाचून ही भिंत कल्पिली गेली नसती, हे निर्विवाद आहे. शिवाय वारसा यादीला वास्तूची ओळख निश्चित करावीच लागते. तरीही ज्या वास्तूचे सौंदर्य हातांनी रचलेल्या थरांवर उभे आहे, तिच्या नोंदीतून श्रमाचा उल्लेख नाहीसा व्हावा, ही बाब किरकोळ मानता येत नाही. छायाचित्रेही हाच विसर दृढ करतात. त्यांत लाट दिसते, परंतु भिंतीची जाडी आणि सांध्यांतील असमानता सहसा दिसत नाही.

समारोप

अटलांटिडाच्या चर्चची भेट ही प्रसिद्ध आकृतीच्या दर्शनापुरती मर्यादित राहिल्यास वास्तूचा अर्धाच अर्थ हाती लागतो. दुरून दिसणारी लाट अभियंत्याची आहे. हाताच्या अंतरावर दिसणारी वीट गवंड्याची आहे. या दोन्ही अंतरांवरून वास्तू पाहणारी समीक्षाच तिच्या मूळ नावातील ‘श्रमिक’ या शब्दाला न्याय देऊ शकेल.