पोथींतील चित्रें

पालकालीन बौद्ध पोथ्यांतील चित्रांविषयीं कलेच्या इतिहासांत एक ठराविक अभिप्राय वारंवार आढळतो : अजिंठ्याची भव्य कला येथें ताडपत्रावर आकसून गेली. रेषेची लय पाहतां हा वारसा नाकारतां येत नाहीं. परंतु त्यावरून काढलेला ऱ्हासाचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. भिंतीच्या मापानें पोथी मोजणें हाच मुळीं अन्याय होय.

अकराव्या-बाराव्या शतकांत बिहार, बंगाल व नेपाळ येथें ज्याच्या सचित्र प्रती विशेषेंकरून तयार झाल्या, तो ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ हा शून्यतेचें प्रतिपादन करणारा ग्रंथ होय. त्याचें पान जेमतेम तीन-चार बोटें रुंद. चित्राला जागा तेवढीच. ग्रंथांत सूक्ष्म तत्त्वचर्चा चालली आहे आणि शेजारच्या चौकटींत बुद्धजन्म, मारविजय, तारा किंवा लोकनाथ ! मजकूर व चित्र यांचा मेळ बसत नाहीं, म्हणून टीकाकार ‘केवळ अलंकरण’ असा शेरा मारून मोकळे होतात.

पण खुद्द ग्रंथच सांगतो कीं, स्तूपांतील अस्थिधातूंच्या पूजेहून या ग्रंथाची पूजा अधिक पुण्यप्रद आहे. पोथी वाचावयाची, तशीच पूजावयाचीहि होती. कित्येक पोथ्यांच्या लाकडी फळ्यांवर पूजेचे डाग अद्याप दिसतात. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत नेपाळमध्यें इ. स. १०१५ त लिहिलेली एक प्रत आहे. तिच्यांतील ऐंशीहून अधिक चित्रांपैकीं अनेकांना स्थलनामें जोडलेलीं आहेत. फ्रेंच पंडित फूशे यांनीं त्यांचा अभ्यास १९०० सालीं प्रसिद्ध केला. त्या नामावलींत कोंकणांतील शिवपूरचा सहस्रभुज लोकनाथहि आहे ! दूरदूरचीं देवस्थानें एका पोथींत आणून बसविलीं, कीं पोथी हेंच तीर्थ झालें. हीं चित्रें ग्रंथाचा अर्थ सांगत नाहींत. तीं ग्रंथाला पावित्र्य देतात.

दोषहि सांगितले पाहिजेत. मुद्रा ठरीव आहेत, आसनें पुनःपुन्हा तींच येतात, आणि अजिंठ्याच्या भिंतीवरील मानवी सुखदुःखाचा पसारा येथें शोधूं गेल्यास निराशा पदरीं येते. परंतु उपास्य मूर्तीकडून नाट्याची अपेक्षा कोण करतो ? तांबड्या-पिंवळ्या सपाट रंगांतून एका बांकदार रेषेनें उभी केलेली हिरवी तारा पाहावी. तिच्या ठायीं जी शांति आहे, ती आकारानें लहान नाहीं.

आज अनेक पोथ्यांचीं सचित्र पानें सुटीं होऊन निरनिराळ्या संग्रहांत विखुरलीं आहेत. कांचेमागील असें पान सुंदर दिसतें खरें. पण देव्हाऱ्यांतून काढलेल्या देवाप्रमाणें तें एकाकीहि दिसतें. त्याच्यामागें एक अखंड पोथी होती, हें ज्यास आठवेल, त्यासच तें चित्र पुरतें दिसेल.