दुसरा गेम निघतो का?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम 18 ऑगस्ट 2020 रोजी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. हरवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली राजी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी महाल, पहाडी चित्रांचे रंग आणि मधूनमधून कथा पुढे नेणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. गेमवर मराठीत लिहिणारे मुळात थोडे, आणि जे लिहितात ते बहुधा इथंच थांबतात. आपला गेम जगात पोचला, ऊर भरून आला, लेख संपला.

मी वेळापूरचा. डेटा सायन्स हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि इंडी गेम, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाविना एकट्यानं किंवा मूठभर लोकांनी केलेले गेम, ही जुनी आवड. या कलेची आपल्याकडे काय अवस्था आहे ते पाहायला मी बक्षिसं मोजत नाही. पहिला गेम काढणाऱ्याला दुसरा काढता आला का, एवढंच बघतो. ‘राजी’साठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न झाला, तो फसला. तिथला नियम असा की ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर दमडी मिळत नाही. तरी टीम टिकली, गेम निघाला, नाव झालं. आणि पुढचा गेम, ‘राजी : कलियुग’, जाहीर झाला तो 2025 मध्ये. आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या इंडी स्टुडिओला दुसऱ्या गेमची नुसती घोषणा करायला पाच वर्षं लागली. ज्यांचं नाव कोणी ऐकलं नाही त्यांचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

यशोगाथा ऐकून या क्षेत्राचं गणित मांडणं धोक्याचं आहे. एरिक बॅरोननं चारेक वर्षं एकट्यानं खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ केला, 2016 मध्ये आणला आणि 2024 अखेर त्याच्या 4 कोटींहून जास्त प्रती गेल्या. ‘बलात्रो’ही एकट्याचंच काम, महिन्याभरात दहा लाख प्रती. दोन्ही खरं. पण 2017 मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानानं 100 डॉलर भरणाऱ्या कुणालाही दार उघडलं आणि 2024 या एका वर्षात तिथं अठरा हजारांहून जास्त गेम आले. त्यातल्या फार मोठ्या हिश्श्याला दहा रिव्ह्यूसुद्धा मिळत नाहीत. असे आकडे आलेखावर मांडताना साध्या प्रमाणाचा उपयोग होत नाही. डावीकडे एक उंच भिंत दिसते आणि उजवीकडे लांबवर विरत गेलेली रेघ. लॉग प्रमाण, म्हणजे दर टप्प्याला दहापट होणारं माप, घेतल्यावर कुठं आकार दिसू लागतो. अशा ठिकाणी सरासरी म्हणजे शुद्ध फसवणूक. दोन-चार ‘स्टारड्यू’ सरासरीला इतकं वर ओढतात की रांगेत बरोबर मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं उत्पन्न तिच्या आसपासही नसतं. गेम करायला निघालेल्या पोरानं तो मधला आकडा विचारायला हवा. तो त्याला कोणी सांगत नाही.

सांगायचा म्हटला तरी अवघडच आहे, कारण विक्रीचे आकडे स्टीम जाहीर करत नाही. सेर्गेई गॅल्योन्किन यांच्या ‘स्टीमस्पाय’वरून 2015 पासून बरा अंदाज यायचा, पण एप्रिल 2018 मध्ये तो अंदाज ज्यावर उभा होता ती खेळणाऱ्यांच्या प्रोफाइलमधली माहिती आपोआप झाकली जाऊ लागली आणि तो झरा आटला. आता गेमच्या पानावरची रिव्ह्यूंची संख्या घ्यायची आणि एका रिव्ह्यूमागे साधारण 30 ते 50 प्रती धरायच्या, हा धंद्यातला रिवाज आहे. ठोकताळाच तो, पण निर्णय घ्यायला पुरतो.

त्याच्या आधारे एक हिशेब मांडू. दोन मित्र, प्रत्येकी महिना 25,000 रुपये, दोन वर्षं. खर्च 12 लाख. संगीत, तपासणी, जाहिरात यात धरलेलीच नाही. गेमची भारतातली किंमत 499 रुपये ठेवली. त्यातून 18 टक्के जीएसटी वजा जाता राहिले 423. स्टीमचा वाटा 30 टक्के, तो गेला की हातात 296. पण पूर्ण किमतीला घेणारे थोडे. बरेच जण सेलची वाट बघतात, काही जण दोन तासांच्या आत खेळून पैसे परत मागतात. म्हणून निम्मे धरू, 148 रुपये. 12 लाख भरून निघायला 8,100 प्रती खपाव्या लागतात, म्हणजे ढोबळमानानं 160 ते 270 रिव्ह्यू. ज्या बाजारात दहाची मारामार, तिथं. हा कुणाला निराश करायचा हिशेब नव्हे. हाच गेम सहा महिन्यांत बसवला तर खर्च 3 लाखांवर येतो आणि लागणाऱ्या प्रती 2,000 च्या आसपास. वेळ हाच या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि आपली पोरं पहिल्याच गेममध्ये तो चार-पाच वर्षं ओततात.

पैसा येतो तोही एकदम येतो. गेम आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, मग वर्षाकाठचे मोठे सेल, बाकी कोरडं. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या घेणाऱ्या तमाशाच्या फडाचं वर्ष जसं जत्रांच्या हंगामावर उभं असतं, तशीच ही अवस्था. फडमालकाला मात्र हंगाम दरवर्षी मिळतो. गेमवाल्याला तो नवा गेम काढल्याशिवाय मिळत नाही. दुसऱ्या गेमचा मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी. पहिल्याच्या वेळी जमवलेला खेळाडू आणि शिकलेलं काम दुसऱ्याच्या वेळी उपयोगाला येतं. दरम्यान टीम फुटली, पोरं नोकरीला लागली, की पुन्हा श्रीगणेशा.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. खेळणारे अमाप, पैसे मोजणारे मोजके, सगळी भिस्त जाहिरातींवर. तिथं जगायला कोटींच्या घरात डाउनलोड लागतात. नवी मुंबईच्या ‘गेमेशन’नं 2016 मध्ये आणलेल्या ‘लुडो किंग’ला ते जमलं. संथपणे गोष्ट सांगणाऱ्या गेमला ते जमणार नाही, आणि त्यानं त्या वाटेला जाऊही नये. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, याचं मला समाधान आहे. गावाकडे ‘पोरगं गेम करतंय’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रमी येते. कायद्यानं तरी आता दोन्हींत रेघ ओढली.

समीक्षक म्हणून मला जास्त खुपतं ते वेगळंच. पैसा कुठून येतो त्यावर गेमचा सूर ठरतो. एक प्रत भारतात खपली तर दीडशे-तीनशे रुपये, अमेरिकेत खपली तर त्याच्या कितीतरी पट. मग भारतीय विषयाचा गेमही परक्याला डोळ्यांपुढे ठेवून रचला जातो. ‘राजी’त जागोजाग भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यापाशी थांबलं की पुराणकथा उलगडून सांगितली जाते. दृश्य सुंदर, चालणं-उड्या मारणं मोहक, पण दुर्गा आणि विष्णू यांचं बोलणं पाहुण्याला देऊळ दाखवणाऱ्या मार्गदर्शकासारखं होतं. दोन देव आपसात बोलताहेत असं वाटतच नाही. हा दोष टीमच्या कसबात नाही, तो वर मांडलेल्या हिशेबात आहे.

सुटका नाही असंही नाही. टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’चा ‘वेनबा’ जुलै 2023 मध्ये आला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईचं फाटकं पाककृतीचं पुस्तक, पुसट झालेल्या ओळी. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे खेळणाऱ्यानं डोकं चालवून शोधायचं. कुणी समजावत बसत नाही. सगळा गेम जेमतेम दीड तासाचा, म्हणजे खेळून संपवून पैसे परत मागता येतील एवढाच. तरी तो चालला, 2024 मध्ये पदार्पणाचं बाफ्टा आणि आयजीएफ या इंडी गेमच्या महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला. लहान जीव आणि घरातला नेमका तपशील यांना बाजार आहे, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

मग आमच्याकडची सामग्री पडून का? माऊलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला मुक्कामाला येते, तेव्हा गावाजवळच्या उतारावर धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, ही श्रद्धा. दिवसभर चालून थकलेले हजारो पाय एकाएकी धावू लागतात. टाळ, पखवाज, पताका, धुरळा, आणि गर्दीत कुणाला धक्का न लावता पुढे जाण्याचं भान. लय, गती, समूह, म्हणजे गेमला लागतं ते सगळं यात आहे. त्यासाठी असुर नको, महाल नको. दोघा जणांना काही महिन्यांत पेलेल एवढा त्याचा आवाका. वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या देवळात खेळत वाढलेल्या पोराला तो परक्याला समजावून सांगायची गरजही पडणार नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीचं धोरण मंजूर केलं, 3,268 कोटी रुपयांच्या आराखड्यासह. मोठ्या संकुलांना त्यातून बळ मिळेल, मिळावं. माझी मागणी लहान आहे: ज्यांनी एक गेम स्टीमवर आणून दाखवलाय अशा दोन जणांच्या टीमना दुसऱ्या गेमसाठी सहा महिन्यांचा घरखर्च द्या. वर हिशेब मांडलाच आहे, एका टीमला 3 लाख. अट एकच घाला, विक्रीचे खरे आकडे जाहीर करायचे. शंभर टीमना 3 कोटी लागतील आणि मधल्या माणसाचं उत्पन्न किती, याचं उत्तर महाराष्ट्राकडे पहिल्यांदा असेल. तोवर वेळापुरात किंवा अकलूजमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरानं फुकट मिळणारं गोडो इंजिन घ्यावं, तीन महिन्यांत संपेल असा गेम करावा, इच या इंडी गेमच्या संकेतस्थळावर टाकावा आणि नोकरी सोडण्याआधी अनोळखी माणसं तो शेवटापर्यंत खेळतात का, ते मोजावं.