जुळ्यांचे ‘आम्ही’ : दोन कादंबऱ्या आणि एक सर्वनाम

जुळ्या भावंडांच्या बालपणाविषयी जे लेखन होते त्यात एक कल्पना हटकून आढळते. ती अशी की, जुळ्यांना आपसांत बोलण्यासाठी एक गुप्त भाषा असते, ती त्यांची त्यांनाच कळते, आणि मोठेपणी ती हरवली म्हणजे तिच्याबरोबर एक स्वर्गही हरवतो. ह्या कल्पनेला शास्त्राचा आधार किती आणि कवित्वाचा किती हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम आहेच. परंतु ललित वाङ्मयाने तिचा जो उपयोग केला त्यावरून त्या वाङ्मयाचीही परीक्षा होऊ शकते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ह्या परीक्षेसाठी दोन कादंबऱ्या येथे घेतल्या आहेत. दोन्ही मुळात फ्रेंच, आणि दोन्ही जुळ्या मुलग्यांच्या. मिशेल तूर्निए ह्यांची ‘ले मेतेओर’ 1975 साली प्रसिद्ध झाली. आगोता क्रिस्तोफ ह्यांची ‘ल ग्राँ काये’, म्हणजे ‘मोठी वही’, 1986 साली. पहिलीत जुळ्यांना स्वतंत्र भाषा आहे. दुसरीत ती नाही. तीत आहे ते केवळ एक सर्वनाम. असे असून जुळेपणीच्या बालपणाचे सत्य दुसरीच्या हाती अधिक लागले आहे. तसे का झाले, हा ह्या लेखाचा विषय होय.

तूर्निए ह्यांचे जाँ आणि पोल हे इतके एकरूप आहेत की, घरचे लोक दोघांना मिळून ‘जाँ-पोल’ अशी एकच हाक मारतात. ‘एकाला झाकावे नि दुसऱ्याला काढावे’ ही आपली म्हण तेथे अक्षरशः लागू पडते. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्यांच्या घरात त्यांची म्हणून एक भाषा आहे. तिला कादंबरीकाराने वाऱ्याच्या देवतेवरून नाव दिले आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या सर्व वस्तूंना त्या भाषेत एकच शब्द आहे. शब्द थोडे आणि मौन फार, असे तिचे स्वरूप आहे. पुढे जाँ हे ऐक्य मोडून पळतो, पोल त्याच्या मागे पृथ्वीप्रदक्षिणा घालतो, आणि अखेर बर्लिनच्या भिंतीखालच्या भुयारात त्याचा एक हात व एक पाय जातो. जुळेपण हेच पूर्णत्व आणि एकटा जन्मलेला मनुष्य हाच उणा, हा पोलचा सिद्धान्त आहे. कादंबरी मोठी आहे आणि तीत पुष्कळ काही आहे. कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर राज्य करणारा काका तर जुळ्यांपेक्षाही जिवंत उतरला आहे. परंतु जुळ्यांच्या भाषेचा भाग वाचताना हे वर्णन पाळण्यात पडलेल्याचे नसून पाळण्यात डोकावणाऱ्याचे आहे, ही शंका जात नाही.

तूर्निए ह्यांनी ही सामग्री मुख्यतः फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रने झाझो ह्यांच्याकडून घेतली. जुळ्यांच्या खासगी बोलण्याला ‘क्रिप्टोफाझी’, म्हणजे ‘गूढभाषण’, हे नाव त्यांचेच. मात्र झाझो ह्यांच्या 1960 च्या ग्रंथाचा रोख एकरूपतेवर नाही. एका बीजाची आणि एका घरात वाढलेली जुळीदेखील भिन्न व्यक्ती का होतात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी जोडीच्या आंतरिक संबंधांत, त्यांतील कामाच्या वाटणीत शोधले. शास्त्रज्ञाने भेदाचे कारण म्हणून जे दाखविले, त्यातून कादंबरीकाराने अभेदाचे स्तोत्र रचले. कलावंताला तो अधिकार आहे. पण मग त्या स्तोत्राला पुरावा म्हणून उद्धृत करण्याची जी सवय आपल्याकडील संशोधनपर निबंधांतही दिसू लागली आहे, तिला आधार उरत नाही.

ह्या गूढभाषणाविषयी प्रत्यक्षात काय माहीत आहे? होरेशियो हेल ह्यांनी 1886 मध्ये बॉस्टनकडील अशा जुळ्यांच्या उदाहरणावरून मानवी भाषांच्या बहुविधतेचे मूळच मुलांच्या ह्या निर्मितीत पाहिले. 1922 मध्ये ऑटो येस्पर्सन ह्यांनी कोपनहेगनजवळ स्वतः पाहिलेल्या दोन डॅनिश जुळ्यांचे वर्णन केले. आईचे दुर्लक्ष, सोबतीला एक बहिरी म्हातारी, अशा स्थितीत ही मुले वाढली होती, आणि त्यांचे बोलणे इतरांना कळत नसे. येस्पर्सन ह्यांनी शब्द तपासले तेव्हा त्यांतील बहुसंख्य शब्द डॅनिशच निघाले, मात्र झिजलेले आणि मोडलेले. 1987 मध्ये पीटर बाकर ह्यांनी अशा अनेक उदाहरणांचा एकत्र विचार केला. शब्द प्रौढांच्या भाषेतूनच आलेले, रूपप्रक्रिया जवळजवळ नाही, पदक्रम प्रसंगानुसार, असे ह्या ‘भाषां’चे स्वरूप त्यांना दिसले. थोडक्यात, ही निराळी भाषा नव्हे. दोन मुले एकाच वयाची असल्यामुळे एकाच्या अपुऱ्या उच्चाराला दुसऱ्याकडून दुरुस्ती मिळत नाही, उलट मान्यता मिळते. आणि मोठ्या माणसांचे बोलणे पुरेसे कानांवर पडले नाही तर ती मान्यता काही काळ टिकते. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणणारे एकटे मूल आपण लाडाने दुरुस्त करतो. तशी दोन मुले समोरासमोर बसली की आपल्याला त्यांत गूढ दिसू लागते.

ही केवळ पंडितांची चर्चा असती तर ती येथेच सोडता आली असती. तसे नाही. सॅन डिएगो येथील दोन जुळ्या मुलींना, एकमेकींना दिलेल्या ‘पोटो’ आणि ‘काबेंगो’ ह्या नावांनी, 1970 नंतरच्या दशकात वृत्तपत्रांनी प्रसिद्धीस आणले. मुलींची बुद्धी अधू असल्याची समजूत करून घेऊन घरच्यांनी त्यांना जगापासून दूर ठेवले होते. नवी भाषा सापडली असा गाजावाजा झाला. तपासणीअंती ती इंग्रजी आणि आजीची जर्मन ह्यांची मोडतोड निघाली. त्यांच्यावरील 1980 च्या चित्रपटात जाँ-पियेर गोरँ ह्यांनी ‘बटाटा’ ह्या एका शब्दाची मुलींच्या तोंडची रूपे एकामागून एक ऐकविली आहेत. ती ऐकल्यावर गूढ उरत नाही. उरतात त्या कोणी न बोललेल्या दोन मुली. वेल्समध्ये वाढलेल्या जून आणि जेनिफर गिबन्स ह्यांची कथा ह्याहून कठोर आहे. बार्बाडोसहून आलेल्या कुटुंबातील ह्या बहिणी शाळेत छळ सोसत मुक्या झाल्या आणि आपसांत झपाट्याने बोलत. ते बोलणे म्हणजे बार्बाडोसच्या वळणाची इंग्रजीच होती. त्यांनी कथा आणि दैनंदिनी लिहिल्या, त्याही इंग्रजीत. चोरी व जाळपोळीच्या गुन्ह्यांवरून 1982 मध्ये त्यांना ब्रॉडमूर येथील बंदिस्त मनोरुग्णालयात पाठविले. तेथून त्या बाहेर पडल्या 1993 मध्ये, आणि त्याच स्थलांतराच्या वेळी जेनिफरचा मृत्यू झाला. मार्जोरी वॉलेस ह्यांच्या ग्रंथामुळे ‘मौनी जुळ्या’ ही त्यांची ओळख झाली. ज्यांच्या लेखनाच्या वह्यांमागून वह्या उपलब्ध आहेत त्यांना मौनी म्हणावयाचे, ह्यात ऐकणाऱ्याचा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारला जातो.

ह्याच्या उलट बाजूचे एक निरीक्षण लुरिया आणि युदोविच ह्यांनी 1956 मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध केले. पाच वर्षांच्या दोन जुळ्या भावांचे बोलणे हातातल्या कृतीशी इतके जखडलेले होते की, कृती दिसल्याखेरीज ते कळत नसे. त्यांना बालकमंदिराच्या दोन वेगळ्या गटांत ठेवले. दोघांपैकी दुबळ्या असलेल्याला भाषेचे खास शिक्षणही दिले. परंतु तीन महिन्यांत दोघांचेही बोलणे पालटले, कारण आता बोलल्याशिवाय निभाव लागत नव्हता. ह्यावरून सर्वच जुळ्यांना शाळेत अलग करावे असा नियम काढणे भाबडेपणाचे होईल. गिबन्स भगिनींना अलग करण्याचा प्रयत्न त्यांना अधिकच गोठवून गेला. निष्कर्ष एवढाच की, जुळ्यांच्या भाषेचा प्रश्न दोघांमधला नसून तिसऱ्याचा आहे.

प्रस्तुत लेखक स्वतः जुळ्यांपैकी एक आहे, म्हणून येथे थोडे निरीक्षण घरचे. लहानपणी आम्हां भावांत ‘आपण दोघे’ हा शब्दप्रयोग जवळजवळ नव्हता. ‘आपण’ पुरेसे होते. ‘दोघे’ हा शब्द पाहुणे आले, शिक्षकांनी विचारले, शेजारणीने ‘तुमच्यांत मोठा कोण?’ असा ठरलेला प्रश्न केला की मगच तोंडी येई, आणि त्याच्याबरोबर ‘आपण’चे ‘आम्ही’ होई. काच फुटली तर ‘मी नाही फोडली’ असे म्हणण्याची सोय नसे, कारण विचारणाऱ्याला कोणता ‘मी’ ते ठाऊक नसे. ‘आम्ही नाही फोडली’ असे म्हणावे लागे, मग ती एकाने फोडलेली असो. ‘मी’ म्हणावयास आम्हांला येत होते, पण त्याचे गिऱ्हाईक बाहेर नव्हते.

मराठीने ह्या ठिकाणी जी सोय केली आहे ती फ्रेंचमध्ये नाही, इंग्रजीतही नाही. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद गुजरातीतही आहे आणि तो सामान्यतः द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडला जातो. परंतु ‘आपण’ चे वैशिष्ट्य ह्याहून खोल आहे. ‘आत्मन्’पासून आलेले हे सर्वनाम स्वतःचाही बोध करते. ‘आपण येणार नाही असे तो म्हणाला’ ह्या वाक्यात ते एकाचे आहे, ‘चला, आपण जाऊ’ ह्यात ते दोघांचे. स्वतः आणि आपण-मिळून ह्या दोन अर्थांना एकच शब्द पुरतो. संस्कृतची तऱ्हा निराळी होती. तेथे द्विवचन होते. नकुल-सहदेवांना महाभारत ‘यमौ’ म्हणते, अश्विनीकुमार तर द्विवचनाबाहेर क्वचितच सापडतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यम-यमी संवादात ‘नौ’, म्हणजे ‘आम्हां दोघांचे’, हे रूप पुन्हा पुन्हा येते, आणि तेथेही यमीचे ‘नौ’ नाकारताना यम बोट दाखवितो ते पाहत फिरणाऱ्या देवांच्या हेरांकडे. तिसरा तेथेही आहेच. संस्कृत जोडी मोजते. मराठी तिचे तोंड कोणीकडे आहे ते सांगते.

आता ‘मोठी वही’कडे. क्रिस्तोफ ह्यांचा जन्म 1935 मध्ये हंगेरीत झाला. 1956 मध्ये त्या पायी सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेल्या, घड्याळाच्या कारखान्यात राबल्या, आणि प्रौढ वयात शिकलेल्या फ्रेंचमध्ये लिहू लागल्या. त्या भाषेला त्यांनी शत्रुभाषा म्हटले आहे. थोरल्या भावासह काढलेल्या आपल्या बालपणातून ही जोडी उभी राहिली, असे त्यांनी सांगितले आहे. कादंबरीतील जुळ्या मुलांना आई युद्धकाळात सीमेजवळच्या गावी एका निर्दय आजीकडे सोडून जाते. मुले स्वतःच स्वतःचे शिक्षण करतात आणि एका वहीत निबंध लिहितात. निबंध खरा असला पाहिजे, हा एकच नियम. म्हणून भावनावाचक शब्द वर्ज्य : अमुक खातो असे लिहिता येते, अमुक आवडते असे नाही, कारण ‘आवडणे’ ह्या शब्दाचा भरवसा नाही. निबंधाला एकजण ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा शेरा देतो, आणि तो शेरा देणारा कोण हे वाचकाला कधीच कळत नाही.

सबंध पुस्तक ‘नू’ ह्या सर्वनामात आहे. मुलांना नावे नाहीत. एकजण डोळे बांधतो, दुसरा कान बुजवितो आणि दोघे गावातून चालतात. ते प्रकरणही ‘आमच्यांतील एक’ आणि ‘दुसरा’ एवढ्यावरच भागविले आहे. येथे गूढ शब्द एकही नाही. भाषा सर्वांचीच आहे, किंबहुना लेखिकेने मुद्दाम रोडावलेली आहे. तरी हे दोघे कोणत्याही तिसऱ्याला आत घेत नाहीत, हे पानोपानी जाणवते. आजी, पाद्री, अधिकारी, शेजारची मुलगी, सगळे ‘नू’च्या बाहेर उभे आहेत, आणि वाचकही. म्हणजे मराठीच्या परिभाषेत हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘आम्ही’ आहे. त्यांचे ‘आपण’ आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. तूर्निए ह्यांनी जुळ्यांचे ‘आपण’ ऐकविण्याचा हव्यास धरला आणि ते रचून काढावे लागले. क्रिस्तोफ ह्यांनी दाराबाहेरचा ‘आम्ही’ लिहिला आणि दार बंद असल्याची खात्री पटविली.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो भारी आहे. 1988 आणि 1991 मध्ये ह्या कथेचे आणखी दोन भाग आले. दुसरा तृतीयपुरुषी आहे, त्यात मुलांना नावे मिळतात. तिसऱ्यात असे उलगडते की, भाऊ चौथ्या वर्षीच ताटातूट झालेले होते आणि वहीतले ‘आम्ही’ एका एकट्या मुलाने लिहिले. मग पहिले पुस्तक जुळ्यांचे कसे? काही वाचकांना तिसरा भाग पहिल्यावर पाणी ओततो असे वाटते. मला तसे वाटत नाही. भाऊ दूर गेल्यावर ज्या मुलाला गूढ भाषा नव्हे तर सर्वनाम शिल्लक ठेवावेसे वाटले, त्याने आपले बालपण नेमके ओळखले होते. तिसरा भाग कलाकृती म्हणून पहिल्याच्या तोडीचा नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. त्यातील खुलासे फार झाले आहेत.

ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्याला एक अनपेक्षित लाभ होईल. मूळ कथन बव्हंशी वर्तमानकाळी आहे. पुल्लिंगी कर्त्याच्या बाबतीत ‘मी जातो’ आणि ‘आम्ही जातो’, ‘मी आलो’ आणि ‘आम्ही आलो’ ह्यांत क्रियापद बदलत नाही. भेद राहतो तो सर्वनामात, आणि मराठीत सर्वनाम गाळताही येते. फ्रेंचमध्ये हे शक्य नाही. दोघे भाऊ लाकडे फोडतात, भीक मागण्याचा सराव करतात, उपास करतात, त्या वाक्यांतून ‘आम्ही’ जपून, जेथे अडेल तेथेच ठेवले, तर तिसऱ्या भागातील रहस्य पहिल्या भागाच्या क्रियापदांत आधीच दडलेले राहील. अडचण येईल ती शेवटच्या पानावर. तेथे एक भाऊ सीमा ओलांडतो आणि दुसरा आजीच्या घरी परततो, पण कथन अजून ‘नू’चेच आहे. ‘आमच्यांतला एक’ असे लिहावे लागेल, आणि ते लिहिणारा त्या दोघांपैकी कोण, हे मराठीलाही सांगता येणार नाही.