तबकडीवरील ‘फॉरबिडन प्लॅनेट’

‘फॉरबिडन प्लॅनेट’ या १९५६ सालच्या अमेरिकन चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्द आढळत नाही. लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याच्या कामगिरीला तेथे ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ म्हटले आहे. वादकांच्या संघटनेने हरकत घेऊ नये म्हणून चित्रपट कंपनीने काढलेली ही पळवाट. वीस वर्षांनी, १९७६ मध्ये, लुई आणि बेबे यांनी हेच ध्वनी विनाइलच्या तबकडीवर प्रसिद्ध केले. पडद्याचा आधार सुटल्यावर त्यांना संगीत म्हणावे काय, हा प्रश्न आता श्रोत्यापुढे येतो.

या ध्वनींची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’ (१९४८) या ग्रंथातून स्फूर्ती घेऊन लुई निर्वात नळ्यांची विद्युत्‌मंडले जुळवीत. त्यांवर अतिरिक्त दाब दिला की ती चीत्कारत, कण्हत आणि अखेर जळून जात. गेलेला आवाज पुन्हा काढता येत नसे. उरे ती केवळ ध्वनिफीत. तासन्‌तास फिती ऐकून त्यातले मोलाचे निवडणे हे मुख्यत्वे बेबेंचे काम. पुढे त्या फिती संथ करणे, उलट फिरवणे, त्यांना प्रतिध्वनी जोडणे. वाद्य असे एकही नाही.

चित्रपटात यानाची घरघर, अदृश्य राक्षसाची चाहूल आणि पार्श्वसंगीत एकाच द्रव्याचे आहे. कोणते कोठे संपते ते कळत नाही. आमच्या मते हीच या कामगिरीची खरी शक्ती, आणि तबकडीवर नेमकी तीच उणावते. राक्षसाशी झुंजीचा भाग दृश्यावाचून नुसता कोलाहल वाटतो. सरोवराकाठच्या प्रणयप्रसंगाचे ध्वनी मृदू आहेत खरे. परंतु तो प्रणय आहे हे शीर्षकानेच सांगावे लागते. शिवाय तुकडे फार लहान. तानपुऱ्याच्या षड्जावर वाढलेले आपले कान कोठे टेकू पाहतात, तोच तुकडा संपतो.

याला मोठा अपवाद ‘एन्शंट क्रेल म्युझिक’चा. कथेत डॉ. मॉर्बियस पाच लक्ष वर्षांपूर्वीच्या क्रेल वादकांची ध्वनिमुद्रिका पाहुण्यांना ऐकवतो. श्रेयनामावलीने नाकारलेला शब्द येथे पात्राच्या तोंडून सहज येऊन जातो. गंमत अशी की हे ध्वनी राक्षसाच्या ध्वनींहून जातीने वेगळे नाहीत. फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या अपेक्षेत. तबकडीवर हा भाग दृश्याची वाट पाहत नाही. नादबिंदू उमटतात, एकमेकांना उत्तर दिल्यासारखे थांबतात, पुन्हा उमटतात. स्वरस्थान सापडले नाही तरी त्यांचा श्वास आपल्याला सापडतो. चित्रपट न पाहिलेल्याने तबकडी येथूनच सुरू करावी आणि आवाज बेताचा ठेवावा.