शंभर गिटारी आणि एक बेंजो

पालघर आणि बोईसरच्या मधल्या उमरोळीत हळदीच्या रात्री बेंजो दोन तऱ्हांनी ऐकू येतो. लांबून नुसता घणघणाट. गाणं कोणतं ते कळत नाही, तारांचा झोत तेवढा वाऱ्यावर येतो. जवळ गेलं की गाणं ओळखू येतं आणि, माझ्यापुरती, गंमत संपते.

त्या लांबच्या घणघणाटालाच संगीत मानणारी माणसं न्यूयॉर्कमध्ये निघाली. ऱ्हिस चॅटमने १९७७ साली तीन इलेक्ट्रिक गिटारी जवळजवळ एकाच स्वरावर झोडपल्या. त्याच्या पाठोपाठ ग्लेन ब्रांकाने गिटारीच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या आणि अशा गिटारींच्या सिंफनी रचल्या. गिटारी वाढल्या की कुणीच न वाजवलेले स्वर वरून उमटू लागतात. आपल्याला याचं नवल वाटायला नको. खर्जाच्या तारेतून आपसूक येणाऱ्या गंधाराला आपण स्वयंभू म्हणतोच. नातंही अगदीच दूरचं नाही. चॅटम संगीतकार ला माँट यंगकडे शिकला, यंग पंडित प्राणनाथांचा शिष्य, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत, तंबोऱ्यांच्या गावात, स्थायिक झाले होते.

पुढे मात्र आकड्याची हाव सुटली. चॅटमने १९८९ मध्ये शंभर गिटारी घेतल्या. ब्रांकाची शंभर गिटारींची तेरावी सिंफनी जून २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी वाजली. २००५ मध्ये पॅरिसच्या साक्रे-कर चर्चमध्ये चॅटमने चारशे वादक बसवले. माझा कौल या चारशेंना आहे, पण तो संख्येमुळे नव्हे. तिथे दगडी घुमटाने नाद धरून ठेवला, म्हणून. ब्रांका २०१८ मध्ये गेला. मला त्याच्या शंभर गिटारींपेक्षा १९८१ची ‘द असेन्शन’ ही तबकडी अजून जास्त धारदार वाटते. तिच्यात गिटारी चार.

आता आपला बेंजो. मूळचा जपानी, १९१२ सालचा, टाइपरायटरसारख्या कळांचा. सुराच्या तारा एका स्वरात जुळलेल्या, शेजारी आसेच्या, म्हणजे नुसता सूर धरून ठेवणाऱ्या, तारा. म्हणजे ब्रांकाला गिटार मोडून-जोडून जे साधावं लागलं, ते यात आधीपासूनच आहे. पिकअप बसवला, टेम्पोवर जनरेटर चढवला, की आवाजाचीही वाण नाही. रवी जाधवांनी २०१६ मध्ये त्यावर हिंदी सिनेमा काढला, पण तोही वादकाच्या नशिबाची गोष्ट सांगतो. वाद्याच्या नादाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. वादकांच्या पार्टीत बेंजो एखाद-दुसराच असतो आणि त्याचं काम गाणं हुबेहूब काढणं. ढोल-ताशा पथकांनी शे-दीडशे ढोल एकत्र आणून नादाचा डोंगर उभा केला. तारांच्या वाट्याला ते भाग्य आलेलं मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते नाचायला, हे मलाही कळतं.

तरी पार्टीवाल्यांना एक विनंती. पावसाळ्यात लग्नाच्या सुपाऱ्या नसतात. तेव्हा आसपासच्या गावांतले दहा बेंजो एका शेडमध्ये आणा, सगळे एका सुरात जुळवा, आणि पहिली पंधरा मिनिटं गाणं वाजवू नका.